सायरन वाजला म्हणे

धरणाची पाणीपातळी मोजणारी बाई चौदा वर्षं त्याच कामावर होती. सायरनची मोटर तीन वर्षांपूर्वी दुरुस्तीला म्हणून गेली ती गेलीच. त्याबद्दल तिने नऊ पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही नाही.

पुराच्या सरावाला साहेब आले ते अहवाल टाइप करूनच. ‘सायरन पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट ऐकू आला.’ खाली साक्षीदार म्हणून बाईची सही हवी होती.

“साहेब, मोटरच नाही.”

“अहो, सराव आहे. खरा पूर थोडाच आलाय? करा सही, जेवायची वेळ झाली.”

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली नदीकाठच्या वस्तीत तिच्या धाकट्या भावाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. तिने सगळ्यांदेखत त्याला फोन लावला, स्पीकर चालू केला.

“सायरन ऐकलास?”

“कसला सायरन, ताई?”

“आत्याला विचार.”

“आत्याला? अगं, ती ठार बहिरी!”

“मग साहेब, तिचीच सही घ्या,” बाई म्हणाली. “तिला जेवढं ऐकू आलं, तेवढंच मला.”

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी शिपायाची सही घेतली.

बाराव्या दिवशी भर दुपारी वरून लोंढा आला आणि दरवाजे उघडायचा हुकूम सुटला. साहेब फोन उचलेनात. बाईने भावाला गाठलं. “दुकान बघू नकोस. दारं बडव, सगळ्यांना शाळेच्या गच्चीवर ने. आत्याला पाठीवर घे!”

भाऊ घसा फुटेस्तोवर ओरडत फिरला. वस्ती निघाली. कोपऱ्यावरचा शिंपी तेवढा जागचा हलेना. “सायरन झाल्यावर निघायचं, असं फलकावर लिहिलंय,” तो म्हणाला. “हातातला सदरा संपवतो.”

तो दुसऱ्या दिवशी सापडला, पुलाच्या खांबाला अडकलेला.

चौकशीत साहेबांनी तो अहवाल वाचून दाखवला. सायरन उत्तम होता, लोकच बेफिकीर. शिंप्याची बायको समोरच बसली होती. तिने मान खाली घातली, जणू चूक तिच्याच घरची.

ते मात्र बाईला सोसवेना. ती उठली, शिंपिणीचा हात धरला आणि तिला थेट पोलीस चौकीत घेऊन गेली. नऊ पत्रांच्या प्रती तिने टेबलावर आपटल्या.

“तक्रार पुराची का?” हवालदाराने विचारलं.

“पुराची नाही, माणसाची,” बाई म्हणाली आणि साहेबांचं नाव, हुद्दा, पत्ता सांगू लागली.

“जरा हळू बोला, ताई.”

“नाही बोलणार हळू,” ती म्हणाली. “लिहा.”