टेकवून ठेवलेली धुम्मस

मित्रांनो, नुसते उभे राहणे मला जमत नाही. मी एक जुनी धुम्मस आहे. घोडेगावच्या लोहाराने माझा जड लोखंडी तळवा घडवला आणि त्यात बाभळीचा दांडा बसवला. भरावाची माती ठोकून घट्ट करायची, हे माझे काम.

बहात्तरच्या दुष्काळात मला पाझर तलावाच्या सरकारी कामावर नेले. चांगुणाबाई मला उचलून आपटायची. तिचा नवरा कारभारी बैलगाडीने माती आणायचा. मजुरी मिळू लागली, तसे मजूर दळण टाकू लागले आणि बंद पडलेली गिरणी फिरली. गिरणीवाल्याने सदरा शिवायला टाकला आणि शिंप्याचे मशीन चालले. कारभारीने विकायला काढलेले बैलही दावणीलाच राहिले. मुकादम मला थोपटून म्हणायचे, "हिच्या ठोक्यावर तलाव उभा राहणार!"

वैशाखात एक जीप आली. खर्च तपासणारे नृसिंहराव साहेब उतरले. चांगुणाबाईला म्हणाले, "उद्यापासून काम बंद. सरकार म्हणजे मोठे घरच, बाई. अंथरूण पाहून पाय पसरावेत."

चांगुणाबाईने पदराने घाम पुसला. "अवो साहेब, कापूस हाय, माग हाय, इननारं रिकामं बसल्यात. मंग अंथरून तोकडं कशानं?"

लोक हसले. साहेबही हसले. "जीभ चांगली चालते तुमची. पण पैसा आभाळातून पडत नाही."

"पानी तर पडंल? भरावाचा वरचा थर लई सैल हाय."

तरी काम थांबले. मला निंबाला टेकवले. समोर सैल माती, वर जमणारे ढग, आणि मला एक ठोका मारता येईना. कारभारी बैल घेऊन घोडेगावच्या बाजाराला गेला. तिथे सगळे विकणारेच. बैल मातीमोल भावाने गेले. पुढे पाऊस आला, सैल थरात पाणी शिरले आणि भराव फुटला.

पुढल्या उन्हाळ्यात तेच काम पुन्हा पायापासून सुरू झाले. आता कारभारी डोक्यावर पाटी वाहत होता. जीप पुन्हा आली. चांगुणाबाईने मला उचलले आणि विचारले, "काम थांबवून काय वाचलं, साहेब?"

"वरून हुकूम होता, बाई."

"मंग वरच्यास्नी इचारा."

आणि तिने मला जोरात आपटले.

मित्रांनो, घराने खर्च थांबवला तर पैसे डब्यात उरतात. सरकारने असा थांबवला तर रिकामे हात उरतात, आणि हात डब्यात साठवता येत नाहीत. झाडाला टेकवलेली धुम्मस दिसली, तर तिला बचत म्हणू नका. तिला उचला.