अळीची ओळ

प्रतिभाने पुस्तक उघडून कुंदनच्या डोळ्यांसमोर धरले, तसा तो म्हणाला, "नको मॅडम. पाठ आहे मला. तुम्ही नुसत्या बसा."

तिने पुस्तक मिटले आणि पलंगाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. पुस्तक तिचेच होते, तिचा एकुलता एक कवितासंग्रह. पुठ्ठ्यावर वाचनालयाचा जांभळा शिक्का होता. संग्रह निघून सात-आठ वर्षे झाली होती, आणि तो कुणी वाचनालयातून घरी नेल्याचे ती आज पहिल्यांदाच पाहत होती.

कुंदन उताणा पडलेला होता. गळ्यापर्यंत पांघरूण, त्यातून बाहेर फक्त डोके. दाढी नुकतीच कुणीतरी केलेली, हनुवटीखाली थोडी राहून गेलेली. तो केबलवाल्याकडे कामाला होता. पंचवटीतल्या एका इमारतीवरून समोरच्या इमारतीवर वायर ओढताना त्याचा तोल गेला आणि मानेखालचे सगळे शरीर गेले. मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून पाहिले आणि आता घरीच न्या म्हणून सांगितले. तेव्हापासून तो मखमलाबादच्या या घरात, मळ्याच्या बाजूच्या खोलीत होता. खिडकीतून शेवंतीचे वाफे दिसत, पण त्याला नाही. त्याला फक्त छताचे पत्रे दिसत.

त्याची धाकटी बहीण दीपमाला प्रतिभाच्या कॉलेजात बी. ए.ला होती. अभ्यासाचे ती भावाजवळ बसून मोठ्याने वाचायची, म्हणजे दोघांचाही वेळ जायचा. अभ्यासाचे संपले की वाचनालयातून आणलेले. त्यात एकदा मॅडमचे पुस्तक आले, आणि त्यातली एक कविता तो पुन्हा पुन्हा वाचायला लावू लागला. मग एक दिवस तिने स्टाफरूमच्या दाराशी येऊन विचारले होते, मॅडम, तुम्ही घरी याल का? त्याला काहीतरी विचारायचंय. आई बाजारात जाते तेव्हा या, आईसमोर तो असलं बोलत नाही.

स्कूटीवर दीपमालाच्या मागे बसून येताना प्रतिभाला, खरे तर, आनंद झाला होता. आपली कविता कुणालातरी पाठ आहे, हा विचार तिने गंगापूर नाक्यापासून इथपर्यंत मनात घोळवला होता.

कविता कुंभारीण माशीवर होती. चिखलाची चिमूट तोंडात धरून ती येते, जाते, पुन्हा येते. भिंतीवर इवलेसे मडके घडवते, त्यात अंडे घालते, पिल्लाच्या खाण्यासाठी अळ्या आणून भरते, आणि तोंड लिंपून निघून जाते. ज्याचे तोंड कधी पाहणार नाही, त्याच्यासाठी भरलेले घर मागे ठेवते. आई गेली त्या वर्षी प्रतिभाने ती लिहिली होती. संमेलनांत हीच कविता मागितली जायची. बायका डोळे पुसायच्या. मंचावरून खाली उतरल्यावर कुणीतरी हात धरून आपल्या आईविषयी सांगायचे. कवितेला लोक काय म्हणून लक्षात ठेवतात, हे आपल्याला कळले आहे, असे तिला वाटत आले होते.

"ती अळी," कुंदन म्हणाला. "तुम्ही पाहिली होती, की मनाने लिहिलंत?"

कवितेच्या मध्यावर दोन ओळी होत्या.

*अळी मेलेली नाही.*
*ती फक्त हलत नाही.*

संपादकांनी त्या काढा म्हणून सुचवले होते. त्यांच्या मते त्या पाठ्यपुस्तकातून आल्यासारख्या वाटत होत्या, कवितेचा ओलावा तिथे तुटत होता. प्रतिभाने त्या ठेवल्या, पण त्याला काही मोठे कारण नव्हते. घर भरणे आणि दार लिंपणे यांच्यामध्ये तिला थोडे थांबायला जागा हवी होती, इतकेच.

"पाहिली होती," ती म्हणाली.

मग तिने सांगितले. भाड्याच्या खोलीला रंग द्यायचा होता. दाराच्या चौकटीवर मातीचे घर होते, ते खरवडताना फुटले आणि हिरव्या अळ्या खाली फरशीवर पडल्या. तिला वाटले होते, वाळलेल्या असतील, सडलेल्या असतील. पण त्या ताज्या, मऊ होत्या. केसातल्या पिनेने एकीला स्पर्श केला, तर तिचे शेवटचे टोक किंचित हलले. माशी नांगी मारून त्यांना लुळ्या करते, मारत नाही. मारले तर पिल्लू अंड्यातून येईपर्यंत टिकणार नाहीत.

कुंदन ऐकत होता. ऐकताना तो डोळे मिटत नव्हता.

"मग काय केलंत त्यांचं?"

"झाडून टाकल्या."

"हे कवितेत नाही."

"नाही."

दीपमालाने त्याच्या कपाळावरची माशी हाताने उडवली. ती पत्र्याखाली घिरट्या घालून पुन्हा त्याच जागी येऊन बसली, दीपमालाने पुन्हा उडवली.

"मी त्या दोन ओळींपर्यंतच म्हणतो," कुंदन म्हणाला. "त्यापुढे तुम्ही आईकडे जाता. अळीजवळ कुणी थांबत नाही."

प्रतिभाने मांडीवरच्या पुस्तकाचा कोपरा सरळ केला. तो दुमडलेला नव्हता.

तो हळूहळू बोलत होता, श्वास पुरेल एवढे. श्रावणात त्याने खाणे बंद केले होते. त्याच्या ताब्यात तेवढे एकच उरले होते, तोंड मिटून घेणे. आईने पहिल्यांदा विनवण्या केल्या, मग चमच्याच्या दांड्याने त्याचे दात उघडले आणि पेज आत घातली. ओठ फाटला होता. ती रडत नव्हती, तो म्हणाला. शेतात तण उपटावे तसे तिने ते काम केले. रोज दोन्ही वेळा. शेवटी त्यानेच तोंड उघडायला सुरुवात केली.

"एक सांगा," तो म्हणाला. "तिला कळत असेल का? अळीला?"

हा प्रश्न येणार हे दीपमालाने आधी सांगून ठेवले होते. प्रतिभाने कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना विचारलेही होते. ते म्हणाले होते, एवढ्याशा जिवाला कसली आली जाणीव. आणि मग थोडे थांबून म्हणाले होते, पण खात्रीने कुणी सांगू शकत नाही. वाटेत तिने ठरवले होते की पहिले वाक्य सांगायचे, दुसरे सांगायचे नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झाले. "बरं केलंत," तो म्हणाला. "बाकी सगळे पटकन 'नाही' म्हणतात."

एवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. त्याची आई, नवसाबाई, बाजारातून लवकर परतल्या होत्या. शेवंतीचा भाव पडला म्हणून सगळा माल एकाच हाराच्या दुकानदाराला देऊन टाकला होता. त्या आत आल्या, तशी खोलीत फुलांचा आणि ओल्या गोणपाटाचा वास मिसळून आला. पाहुणी कोण ते कळल्यावर त्यांनी पदर सावरला, दीपमालाला चहा ठेवायला पाठवले आणि मुलाच्या पायथ्याशी टेकल्या. पांघरुणात हात घालून त्यांनी त्याची पावले चाचपली, गार आहेत का ते पाहिले.

"आईवरची कविता केली ना तुम्ही, ताई?" त्या म्हणाल्या. "आमची दीपा सांगत व्हती. म्हना ना. मला वाचता येत नाय."

प्रतिभाने कुंदनकडे पाहिले. तो पत्र्यांकडे बघत होता.

तिने पुस्तक उघडले आणि वाचायला लागली. संमेलनात वाचायची तसे नाही, खालच्या आवाजात. चिखलाची चिमूट आली, मडके घडले, अंडे आले, अळ्या भरून झाल्या. तिथे ती क्षणभर अडली, आणि त्या दोन ओळी सोडून सरळ दार लिंपण्यावर गेली.

"अळी मेलेली नाही," कुंदन पलंगावरून म्हणाला. "ती फक्त हलत नाही."

नवसाबाईंचा हात त्याच्या पावलावर होता, तो तिथेच राहिला. प्रतिभाने पुढचे वाचले. ज्याचे तोंड कधी पाहणार नाही त्याच्यासाठी ठेवलेल्या घरापर्यंत ती आली, तेव्हा तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"चांगली हे," नवसाबाई म्हणाल्या.

चहा झाला. निघताना कुंदनने पुन्हा या म्हटले नाही आणि तिनेही येते म्हटले नाही. पुस्तक त्याच्या उशाशी ठेवून ती बाहेर आली. दीपमाला स्कूटी वळवायला गेली होती. नवसाबाई अंगणाच्या टोकापर्यंत सोबत आल्या आणि हौदाजवळ थांबल्या.

"ते मधलं तुम्ही माझ्यासाठी गाळलं," त्या म्हणाल्या. "मला म्हाईत हे ते. रातंदिस पुटपुटतो तो. त्याला वाटतं मला काय कळत नाय."

प्रतिभाने दीपमाला वळवत असलेल्या स्कूटीकडे पाहिले.

"म्या इचारू का एक?" त्यांनी हौदातल्या पाण्यावरचे पान बोटाने बाजूला केले. "त्या माशीला ठावं असतं का, की अळी जिती हे?"

मळ्यात कुणीतरी वाफ्याचा बांध फोडून पाणी वळवत होते. पाणी दुसऱ्या वाफ्यात शिरल्याचा आवाज आला. दीपमालाने स्कूटी चालू केली.

"नाही," प्रतिभा म्हणाली. "तिला काहीच ठाऊक नसतं."

नवसाबाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले. मग मान हलवली, ओला हात पदराला पुसला, आणि पेज चुलीवर चढवायला आत गेल्या.