लेनिनग्राडची घोडदौड

माझे कान चांगले आहेत. ही फुशारकी नव्हे. माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नाही म्हणून सांगते. दिसायला मी बेताची, स्वयंपाक पोटापुरता, स्वभाव तिखट. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, आणि फळ्याकडे तोंड असतानाही शेवटच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते मला नावानिशी कळायचं. असल्या कानांवर प्रभुअप्पांनी शंका घेतली. शंका घेतली ती घेतली, वर मला लग्नाचं विचारलं. दोन्ही एकाच रविवारी, उप्पीट खाऊन झाल्यावर.

प्रभुअप्पा मूळचे दुधनीचे. इथे सोलापुरात मार्केट यार्डात त्यांची तुरीची अडत आहे, आणि जुळे सोलापुरात तीन मजली घर आहे, ज्यात ते एकटेच राहतात. बायको सिद्धम्मा जाऊन नऊ वर्षं झाली. आठ वर्षांपूर्वी वाचनालयात मी रशियन वाद्यवृंदावर व्याख्यान दिलं होतं. समोर सतराजण, त्यातले निम्मे पंख्याखाली बसायला आलेले. व्याख्यान संपल्यावर धोतरातला एक गृहस्थ उठला आणि म्हणाला, "बाई, बोलणं समजलं न्हाई. पर ते वाजवलं ते लई झकास हुतं. पुन्यांदा ऐकायला मिळंल का?" तेव्हापासून ते दर रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे येतात. पदवी नाही, इंग्रजी नाही, पण तुरीचा दाणा दाताखाली धरून ओल सांगणारा माणूस, संगीतही तसंच चावून बघतो.

आमचं ऐकणं म्हणजे तुलना. शंभरएक वर्षांपूर्वीच्या एका रशियन संगीतकाराची पस्तीस मिनिटांची रचना आहे. तिचं लांबलचक नाव अप्पांच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून आम्ही तिला नुसतं 'रशियन' म्हणतो. ती जगभरच्या वाद्यवृंदांनी वाजवली आहे. सगळीकडे कागदावरचे सूर तेच, तरी पॅरिसचे लोक ती इस्त्री करून वाजवतात, अमेरिकेचे छाती काढून वाजवतात आणि लंडनचे पाऊस येईल की काय अशा काळजीत वाजवतात. आणि लेनिनग्राडचे? ते जीव खाऊन वाजवतात.

लेनिनग्राडची तबकडी माझी. मी कॉलेजात असताना सोव्हिएत पुस्तकांचं प्रदर्शन गावात आलं होतं, तेव्हा घेतलेली. झिजू नये म्हणून आठवड्यातून एकदाच लावते. साडेदहाला माझ्या जुन्या, विजेवरच्या रेकॉर्ड प्लेअरवर सुई टेकवायची, मध्ये बाजू पालटायची, आणि मग अप्पांच्या मोबाइलवर दुसरं एखादं ध्वनिमुद्रण ऐकून भांडायचं. अशी एकोणतीस ध्वनिमुद्रणं आम्ही उणीदुणी काढून निकालात काढली. लेनिनग्राडला तोड नव्हती, आणि त्याचं कारण शेवटची पाच मिनिटं. तिथे तो म्हातारा संचालक असा काही लगाम सोडतो की सगळा वाद्यवृंद उधळतो. लय चढते, सूरसुद्धा चढतो, अंगावर काटा येतो. आम्ही त्याला घोडदौड म्हणायचो. त्यावर मी वाचनालयाच्या वार्षिकात लेखही लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'या शेवटच्या पानावर रशियाच्या गवताळ मैदानावरचा वारा श्रोत्याच्या अंगाला अक्षरशः लागतो.' भूगोलाच्या बाईला असलं वाक्य लिहायला मिळालं की ती आठवडाभर हवेत असते.

तर त्या रविवारी अप्पा उप्पीट खाऊन, हात धुऊन, टॉवेलाला पुसून म्हणाले, "बाई, तुमचं लेनिनग्राड मोबाइलवर घावलं."

"माझंच?"

"तेच. तेच साल, तोच म्हातारा. दुकानात चारदा ऐकलं. त्यात घोडा पळत न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणजे लय हाय तशीच ऱ्हाती. आन् सूर तर चढतच न्हाई. शंभर माणसं एकदम सूर चढवतील कशी, तुमीच सांगा की."

"तुमच्या भजनात चढवत नाहीत?"

"आमच्या भजनात पेटीवाला दोनदा खोकतो, मग समदे खाली येत्यात."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मोबाइलवर संगीत ऐकणं म्हणजे फोटोतली भाकरी खाणं. ते म्हणाले, असंल. मग टोपी काढली, घातली, आणि म्हणाले, "दुसरं एक बोलायचं हुतं. घर मोठं हाय. मी एकटा हाय. तुमी पण एकट्याच. लग्न करू या का?"

खरं सांगते, मला ते एकदम आवडलं. साठाव्या वर्षी असं काही वाटलं की बाई आधी ॲसिडिटीची गोळी शोधते. पण मी चिडलेली होते, आणि चिडल्यावर माझी जीभ माझ्याआधी धावते. म्हटलं, "ज्यांना ती घोडदौड खोटी वाटते त्यांच्याशी मी संसार करू?"

"खोटी म्हणलो न्हाई. हितं ऐकू येती, तितं येत न्हाई, एवढंच म्हणलो."

"मग पैज लावा. याच तबकडीवर, याच खोलीत, नीट कान देऊन ऐकू. घोडदौड निघाली तर लग्नाचा विषय तुम्ही जन्मात पुन्हा काढायचा नाही. नाही निघाली तर मी तुमच्याशी लग्न करीन."

अप्पा हसले नाहीत. व्यापारी माणूस, सौदा ऐकला की गंभीर होतो. "ठरलं," म्हणाले.

दिवस मीच निवडला. मी राहते पूर्व भागात, टॉवेलांच्या कारखान्यावरच्या दोन खोल्यांत. खाली चोवीस माग, आणि आमच्या गल्लीत असे सात कारखाने. रविवारचीही सुट्टी नसते. त्या खडखडाटाची मला इतकी सवय की तो आता मला ऐकूच येत नाही. पण पैजेला कसा, निर्मळ आवाज हवा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या दिवशी विणकरांची सगळी वस्ती रथामागे असते आणि माग दिवसभर बंद. मी म्हटलं, पौर्णिमेलाच या, टाचणी पडली तरी ऐकू येईल.

पौर्णिमेला अप्पा कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. गल्लीत मांजरसुद्धा नव्हतं. साडेदहाला सुई टेकवली. पहिल्यापासूनच मला वाटलं, आज मंडळी जरा घाईत आहेत. वाटलं, माझंच काळीज घाईत असेल. कारण त्या आठवड्यात मला एक गोष्ट कळून चुकली होती: मला जिंकायचं होतं, कारण कान हीच माझी इस्टेट, आणि मला हरायचंही होतं, कारण रविवार सोडून उरलेल्या सहा दिवसांत मी अप्पांना सांगायच्या गोष्टी मनात साठवत बसायची. दोन्ही एकदम हवं असलेल्या बाईची काय अवस्था होते ते विचारू नका. मी पोह्यांत साखर दोनदा घातली.

बाजू पालटली. अकरा वाजले. शेवटची पाच मिनिटं आली. आणि घोडा पळालाच नाही. दुडकी धरून सरळ घरी गेला. लय तीच, सूर तोच. सुई उचलली गेली तेव्हा मी तबकडीकडे बघत राहिले. लेनिनग्राडच्या म्हाताऱ्याने माझा भर सभेत पचका केल्यासारखं वाटलं.

"हरले," मी म्हटलं. "करीन लग्न."

अप्पांचा चेहरा असा फुलला, आणि लगेच माझ्याकडे बघून मिटला. "बाई, रडता व्हय?"

"पोह्यांत मिरची जास्त झाली," मी म्हटलं. ते पोहे बासुंदीसारखे गोड होते. अप्पांनी बिचाऱ्यांनी मान डोलावली.

पुढच्या रविवारी ते पेढे घेऊन आले. मी हसून घेतले, पण आत मेले होते. आठ वर्षं जे ऐकलं ते मीच मनातून घालत होते की काय? मग शेवटच्या बाकावरच्या मुलींनाही मी उगाच उभं केलं असेल का? अप्पा म्हणाले, लावा की आपलं रशियन. मी उपचार म्हणून लावलं. खाली माग धडधडत होते. बाजू पालटली, अकरा वाजले, आणि...

आणि घोडा उधळला!

लय चढली, सूर चढला, तुताऱ्या पिसाळल्या, माझ्या कपाळावरचे केस उडायला लागले, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. "वारा!" मी ओरडले. "अप्पा, वारा लागतोय की नाही?"

"लागतोय की!" अप्पाही उभे राहिले होते. पण ते तबकडीकडे बघत नव्हते. ते वर बघत होते, छताच्या पंख्याकडे. पंखा भिरभिरत होता. मग त्यांनी एक हात कानामागे धरला. खाली शुकशुकाट होता.

धोतर सावरत ते जिना उतरून गेले. मी मागोमाग, पायात एकच चप्पल. खाली कारखान्याचा मुकादम नरसय्या आणि सगळे कामगार ओट्यावर बसून चहा पीत होते.

"नरसय्या," अप्पांनी विचारलं, "माग रोज ह्याच वक्ताला बंद करता?"

"अकराला चहा असतो की अप्पा. आमचीच न्हाई, सगळ्या गल्लीची एकच टाइम."

"आन् मग लाइट?"

"व्होल्टेज वाढतंय की. दीडशे माग एकदम थांबल्यावर जाणार कुटं ते? बाईंच्या घरचा पंखा इमानागत फिरतो तेव्हा. बाईंनी कवा बघितला न्हाई?"

बाईंनी बघितला नव्हता. बाई डोळे मिटून रशियाच्या मैदानावर उभ्या होत्या.

जिना चढताना मला आधी लाज वाटली, मग चौथ्या पायरीवर हसू फुटलं, आणि वर पोचेपर्यंत मी कठड्याला धरून पोट दाबत होते. आठ वर्षं! चहावर मी लेख लिहिला होता! दीडशे माग वीज ओढत धापा टाकत होते म्हणून माझ्या जुन्या प्लेअरवर तबकडी आठवडोन् आठवडे रेंगाळत वाजत होती, आणि कामगारांनी कपबशी हातात घेतली की लेनिनग्राड सुटत होतं. पौर्णिमेला माग बंद, म्हणून ती पहिल्यापासूनच पळाली आणि शेवटी पळायला काही उरलंच नाही. अप्पाही हसत होते, डोळ्यांतून पाणी काढून.

मग ते एकाएकी थांबले. टोपी घातली.

"बाई, तुमचे कान खरे. जे वाजत हुतं तेच तुमी ऐकलासा. घोडदौड हाय. ह्याच खोलीत, ह्याच तबकडीवर. पैज तुमी जिंकलासा." आणि ते चपला घालायला लागले. "इषय मी पुन्हा काढणार न्हाई. शबूद तो शबूद."

कान परत मिळाल्याचा आनंद मला पुरते दोन क्षणसुद्धा मिळाला नाही. मी त्या माणसाला ओळखते. तो खरोखरच काढणार नाही. रविवारी येईल, उप्पीट खाईल, रशियन ऐकेल आणि जन्मात पुन्हा त्या विषयाचं नाव घेणार नाही. असल्या सचोटीच्या माणसाला फटके मारावेसे वाटतात.

"थांबा," मी म्हटलं. "तुम्ही विषय काढायचा नाही असं ठरलंय. मी काढायचा नाही असं कुठं ठरलंय?"

त्यांची एक चप्पल पायात, एक बाहेर.

"मला तुमच्याशी लग्न करायचंय, अप्पा. हरून नाही, जिंकून करायचंय. पण एक अट आहे. तुमच्या तीन मजल्यांवर व्होल्टेज सरळ असतं. तिथे माझा घोडा पळायचा नाही. मी येणार नाही. तुम्ही इथे राहायला या."

"हितं? मागावर?" ते दोन्ही खोल्यांकडे बघत राहिले. त्यात बघायला फारसं नव्हतं. "त्रेसष्टाव्या वर्षी घरजावई? यार्डात काय म्हणतील?"

ते वळले आणि जिना उतरून गेले. खाली माग पुन्हा सुरू झाले, पंखा मंदावला, तबकडी मघाशीच संपलेली. मी दारात उभी राहिले आणि स्वतःला शिव्या घातल्या: पदरात पडलेलं सोडून अटी घालायला गेलीस, मर आता.

तेवढ्यात खालून त्यांचा आवाज आला. मागांच्या वर आवाज काढायचा म्हणून ते बेंबीच्या देठापासून ओरडत होते.

"नरसय्या! सागवानी कॉट हाय, साडेसहा फुटी. जिन्यातनं वर जाईल, का दोरानं खिडकीतनं घ्यावी लागंल?"