परशुरामाच्या नारळाचं गाऱ्हाणं

आमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. कुणाला काही मागायचं असलं की तो देवापुढे नारळ ठेवतो, मनातलं मला सांगतो, आणि मी ते मोठ्या आवाजात देवाच्या कानावर घालतो. जमलेली माणसं माझ्या प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की मध्ये कोणी बोलायचं नाही आणि मी नारळ उचलेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. भिकाजी गावकाराचा आवाज खाडीपलीकडे आचऱ्यापर्यंत जातो, असं लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं, पण मी कधी कुणाला तसं सांगितलं नाही. ह्या आवाजाचा मला भारी माज होता. त्याच तोंडाने मी माझ्या नातीचं वाटोळं केलं, आणि मग त्याच तोंडाने दुसऱ्याचा सूड घ्यायला निघालो.

नात रुक्मिणी तेव्हा आठ वर्षांची. जन्माच्या वेळी सुभद्रा, माझी सून, दोन दिवस अडली होती. त्यात पोरीचे हातपाय आखडले, बोटं मुठीत वळली. तिला सगळं कळायचं, पण शब्द तोंडातून बाहेर यायला वेळ लागायचा. देवळात सगळ्यांचं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून संपलं की मागून एकटीचं तिचं यायचं. पोरं हसायची आणि मी हसणाऱ्याच्या पाठीत धपाटा घालायचो. मुलगा मुंबईला गोदीत कामाला, त्यामुळे घरात हुकूम माझा. रुक्माने कशाला हात लावायचा नाही, घास दुसऱ्याने भरवायचा, पाणी दुसऱ्याने पाजायचं. ह्यालाच मी माया म्हणत होतो.

सहासष्ट साली सरकारने अपंग मुलांसाठी काहीतरी योजना काढली आणि आमच्या शाळेच्या बाजूच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी सुरैय्या यायला लागली. आचऱ्याच्या मुस्तफाची, सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी. मुंबईच्या इस्पितळात ऑक्युपेशनल थेरपी शिकून आली होती. ते नाव घेताना माझ्यासारख्याची जीभसुद्धा अडखळायची. म्हणजे काय करतेस, असं मी तिला विचारलं.

“पोरांका रोजची कामां करूक शिकवतंय, गावकारांनू. बटण लावूक, केस विंचरूक, आपल्या हातान जेवूक.”

“म्हंजे पांगळ्या पोरांका राबवतंस!” मी म्हटलं.

ती हसली आणि आपल्या कामाला लागली. मला ते हसणं झोंबलं.

आसपासच्या वाड्यांतली सतरा मुलं तिच्याकडे यायची. तिने एक खोकं कापून रुक्माला बसकी खुर्ची केली, तिचे पाय जमिनीला टेकतील अशी. चमच्याच्या दांड्याला सुंभ गुंडाळून तो जाड केला, म्हणजे पुरती न उघडणाऱ्या मुठीतही तो बसावा. वाडग्याखाली ओलं फडकं घातलं, म्हणजे तो सरकू नये. आणि मग सहा महिने एकच काम, पेज वाडग्यातून तोंडापर्यंत न्यायची. पहिले दोन महिने पेज कपाळाला लागत होती, गळ्यावरून ओघळत होती, सुरैय्याच्या पदरावर सांडत होती. एकदा मी खोलीच्या दारात उभा राहून ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

“आमच्या घरात भरवक चार माणसां आसत,” मी ओरडलो. “ह्या चेडवाची अशी इटंबना कित्या करतंस?”

सुरैय्याने मागे वळूनही पाहिलं नाही. “ती चार माणसां मेल्यार कोण भरवतला?” ती म्हणाली.

मी चार दिवस रुक्माला पाठवलं नाही. पाचव्या दिवशी सुभद्रा मला न विचारता तिला कडेवर घेऊन गेली. माघाच्या सुमाराला दहातले सहा चमचे पोरीच्या तोंडात जायला लागले. ते चार चमचे सांडले की मला लाज वाटायची, आणि ते सहा मी कधी मोजलेच नाहीत.

त्याच महिन्यात कमिटी आली. योजना पुढे चालवायची की बंद करायची हे ठरवायला तिघेजण, आणि त्यांचा अध्यक्ष आमच्याच गावचा परशुराम. तालुक्याला जाऊन मोठा झालेला, गावच्या खत-बियाण्यांच्या सोसायटीचाही कारभार त्याच्याच हातात. शाळेच्या बाजूच्या त्या खोलीवर त्याचा बरेच दिवस डोळा होता, हे आम्हाला माहीत होतं. मूल घरात काय करतं ते आधी बघायचं आणि मग खोलीत जायचं, असं ठरलं होतं. सगळ्यांत पुढे गेलेली रुक्मा, म्हणून सुरैय्याने आमचं घर सुचवलं होतं. ती बाकीच्या सोळा मुलांना घेऊन खोलीत वाट पाहत बसली होती.

मी पडवीत घोंगडी अंथरली, शहाळी काढली. सुभद्राने रुक्माला खोक्याच्या खुर्चीत बसवलं, पुढ्यात पेजेचा वाडगा ठेवला आणि मुठीत चमचा दिला. पोरगी सकाळपासून तयार होती. केसांत अबोलीचा वळेसर होता. तिने चमचा उचलला, तो कलंडला आणि पहिलीच पेज फरशीवर सांडली.

परशुरामाने भुवया उंचावल्या. माझ्या कानशिलांत आग उठली. मी पुढे झालो, वाडगा उचलला आणि बाजूला ठेवून दिला.

“आमच्या घरात ह्या चेडवाक कायएक करूचा लागणा नाय,” मी माझ्या नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगितलं. “आमी भरवतंव, आमी न्हाणयतंव. ह्येच्यान काय जाणा नाय, आणि आमी करूक देणव नाय. देवीसारख्या ठेवला आसा!”

रुक्मा वाडग्याकडे बघत काहीतरी बोलायला लागली. तिला वेळ लागतो. मला वाटलं, भूक लागली. “भरव गो तिका,” मी सुभद्राला म्हटलं.

“मामांनू, तिका सांगूचा आसा—” सुभद्रा म्हणाली. मी तिच्याकडे डोळे वटारले.

परशुरामाने बोलणं लिहून घेतलं आणि कागद पुढे केला. मी लफ्फेदार सही ठोकली. शहाळं पिऊन तिघेही मोटारीत बसले आणि थेट तालुक्याला गेले. खोलीकडे कोणी फिरकलं नाही.

तीन आठवड्यांनी सुरैय्या कागद घेऊन अंगणात आली. “वाचा, गावकारांनू,” ती म्हणाली. “तुमचो आवाज मोठो आसा.”

मी वाचला. ‘पालकांच्या स्वतःच्या निवेदनानुसार मूल स्वतःचे कोणतेही काम करू शकत नाही. सबब उपचाराचा उपयोग दिसून येत नाही. केंद्र बंद करण्यात येत आहे.’ खाली परशुरामाची सही. शेवटच्या ओळीपर्यंत माझा आवाज पोचलाच नाही.

“हे हात असेच सोडल्यार म्हयन्याभरात परत वळतले,” सुरैय्या म्हणाली. “सतराव पोरांचे.” एवढंच बोलून ती निघून गेली. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून रुक्मा माझ्या हातचं खाईना. मी घास पुढे केला की ओठ घट्ट मिटायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. सुभद्रा तिला चमचा द्यायची, आणि ती माझ्याकडे पाठ करून, अर्धी पेज सांडत, एकटी जेवायची.

मी तालुक्याला गेलो. कचेरीत बोलतात तशा मराठीत परशुरामाला म्हणालो, “माझं निवेदन चुकीचं होतं. मला ते मागे घ्यायचं आहे. मुलीला जेवता येतं.”

“भिकाजीराव, एकदा सांगितलं की सांगितलं,” तो म्हणाला. “खाली तुमची सही आहे. आणि खोली आता सोसायटीला दिली, खताची पोती येऊन पडली.” मग चष्मा पुसत हसला. “देवीसारखी ठेवली आहे ना? मग ठेवा की तशीच.”

परत येताना वाटभर मी त्याला शिव्या घालत होतो. खोलीवरून गेलो तर खताचा उग्र वास आला, आणि खिडकीत सुंभ गुंडाळलेले चमचे तसेच टांगलेले दिसले. ह्या माणसाला धुळीला मिळवायचा, एवढं एकच त्या दिवसापासून माझ्या डोक्यात राहिलं.

संधी त्यानेच आणून दिली. पाडव्याच्या सकाळी सगळा गाव देवळात जमतो. परशुराम मलमलचं धोतर नेसून आला आणि माझ्या हातात नारळ ठेवला. “गावकारांनू, निवडणुकीक उभो रवतंय. जरा चांगलासा घाला.”

त्याला कधीतरी माझ्याकडे यावंच लागणार, हे मला ठाऊक होतं. मान आमच्या घराण्याचा, दुसरा माणूस तो आणणार कुठून? मी नारळ देवापुढे ठेवला. मनात मी गाऱ्हाणं कधीच रचून ठेवलं होतं. माडांच्या बागेत तीन आठवडे घोकलं होतं. शेवटी शाप होता. ज्याने पोरीपुढचा वाडगा काढला त्याची उजवी मूठ वळू दे आणि ती मरेपर्यंत उघडू नये. ते घोकताना माझ्या जिवाला थंडावा वाटायचा.

“बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो परशुराम नारळ घेवन तुझ्या पायाकडे इलो आसा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्येका निवडणूक जिंकूची आसा!”

“व्हय म्हाराजा!” परशुराम डोळे मिटून सगळ्यांत मोठ्याने म्हणाला.

“त्येच्या आधी त्येना काय केल्यान, ता तुझ्या कानार घालतंय! शाळेच्या खोलयेत आमची सतरा पोरां हात चालवूक शिकत होती. ह्येना ती खोली बंद केल्यान आणि थय खताची पोती भरल्यान!”

सवयीने दोनशे तोंडं उघडली आणि बोलून गेली, “व्हय म्हाराजा!” परशुरामही बोलून गेला. मग त्याने डोळे उघडले.

“पोरां काय शिकतत, ता बघूक ह्यो एकदाव त्या खोलयेत गेलो नाय!”

“व्हय म्हाराजा!” ह्या वेळी बायकांचा आवाज पुरुषांच्या वर गेला. सतरा घरच्या आया तिथेच उभ्या होत्या. सगळे परशुरामाकडे बघत होते. मध्येच निघून जायची सोय नव्हती, आणि गप्प राहणं म्हणजे देवापुढे नाही म्हणणं. त्याचे ओठ हलले. कपाळावरून घाम ओघळून गंधात मिसळला. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. मी छाती भरून श्वास घेतला.

“आणि म्हाराजा, ज्येना ह्या चेडवाच्या फुडचो वाडगो काडल्यान, त्येचो उजवो हात—”

समोर खांबाशी खोक्याच्या खुर्चीत रुक्मा बसली होती. तिची वळलेली मूठ गुडघ्यावर होती. जो हात मी शिक्षा म्हणून देवाकडे मागत होतो, तो माझ्या नातीचा हात होता. आणि वाडगा परशुरामाने काढलाच नव्हता. देवाला हे ठाऊक होतं, सुभद्राला ठाऊक होतं, रुक्माला तर होतंच.

चाळीस वर्षांत गाऱ्हाणं घालताना मी कधी अडलो नव्हतो. त्या दिवशी अडलो. माणसं ‘व्हय’ म्हणायला तोंड उघडून थांबली होती. देवापुढे खोटं बोललो असतो तर निभावलं असतं, पण पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

“देवा म्हाराजा,” मी म्हणालो, आणि माझा आवाज देवळाच्या पायरीपर्यंत तरी पोचला की नाही कोण जाणे, “तो वाडगो मी काडलंय. पेज सांडतली, पावण्यांसमोर माझी लाज जातली, म्हणान. तिका जेवूक येय होता. तिका कायएक येणा नाय, ह्या खोटा मी सांगलंय. कागदार सही माझी आसा.”

कोणीही ‘व्हय’ म्हणेना. गावकाराच्या विरुद्ध ‘व्हय’ म्हणायची कुणाची टाप? पुजाऱ्याने मान खाली घातली. मी वाट पाहत उभा राहिलो, कारण उत्तर आल्याशिवाय मला नारळ उचलता येत नव्हता.

मग खांबाकडून आवाज आला.

“व्ह… व्हय… म्हा… राजा.”

त्या दिवशी एकही पोर हसलं नाही. मी नारळ उचलला.

सुभद्राने पदर खोचला आणि “चला गो,” एवढंच बाकीच्या आयांना म्हणाली. दुपारपर्यंत खोलीतलं शेवटचं पोतं परशुरामाच्या अंगणात जाऊन पडलं होतं. तो माझ्यावर धावून आला. “मी नुसता सवयीने व्हय म्हणालो! त्याला काय अर्थ आहे?”

“परशुरामा, एकदा सांगितलं की सांगितलं,” मी म्हणालो. “आणि तू तर देवाला सांगितलंस.”

मी नवीन निवेदन लिहिलं. त्याखाली गावाने सह्या केल्या, अंगठे उठवले. निवडणूक तोंडावर होती, कमिटीने महिन्याच्या आत हुकूम फिरवला. सुरैय्याने खोली तीन वेळा धुवून काढली, तरी खताचा वास पावसाळाभर गेला नाही.

परशुराम निवडणुकीत पडला आणि त्याचा हिशोब तिथे मिटला. रुक्माचा माझ्याबरोबरचा मिटलेला नाही. माझ्या हातचा घास ती अजून घेत नाही. फक्त आता पाठ करत नाही. रोज दुपारी खुर्ची फिरवायला लावते, माझ्या बरोबर समोर बसते, आणि माझ्या डोळ्यांत बघत स्वतःच्या हाताने पेज जेवते. सांडली तरी मी वाडग्याला हात लावत नाही. तिचं होईपर्यंत मला उठायची परवानगी नाही.