घागरीचं पाणी

काचेवर शिवकन्येनं वडिलांसाठी चिकटवलेली चिठ्ठी: आबा, या समुद्री टाकीतलं पाणी उडून कमी झालं, तर फक्त शुद्ध पाणी घाला.

आठ दिवसांनी ती भोकरदनहून परतली. कोळंब्या मेल्या होत्या, प्रवाळ आक्रसलं होतं.

"कोणतं पाणी घातलं, आबा?"

"तांब्याच्या घागरीतलं. त्याच्यापेक्षा शुद्ध काय ऱ्हातंय?"

"तांबं जहर आहे त्यांना! वर्षभर जपलं होतं मी!"

"मंग तसं लिहायचं न्हाई का?"

ती आणखीच भडकली. बादलीत नवं खारं पाणी कालवून तिनं उरलंसुरलं प्रवाळ त्यात सोडलं. आबांनी सावरायला हात घातला.

"हात बाहेर! आधी ते तांब्याचं कडं काढा!"