पाणी पिऊ नये

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी. गंजले आहे, वाकले आहे आणि खरं सांगू, थोडी चिडकीही झाले आहे. जन्मभर एकच गोष्ट सांगत राहिले, ऐकलं कुणीच नाही. चिडू नको तर काय करू?

नळदुर्गच्या एका रंगाऱ्यानं मला रंगवलं. पांढऱ्यावर लाल अक्षरं: पाणी पिऊ नये. पत्रा लहान, अक्षरं टपोरी, म्हणून त्यानं ती एकमेकांना खेटून बसवली. "झकास झालीस!" म्हणाला. माझं कौतुक काय ते तेवढंच.

बहात्तरच्या दुष्काळात मला लोहाऱ्याकडच्या एका वाडीतल्या पायविहिरीवर ठोकलं. तिच्या तळाशी उरलेल्या पाण्यात नारू होता. ते पाणी प्यालं की वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर पडतो. ठोकणारे घाईत होते आणि सगळी वाडी खडी फोडायला गेलेली. पाटी आहे की, असं म्हणून ते निघून गेले.

पण वाडीत शाळाच नव्हती हो! वाचणारं एक माणूस नाही. शेळ्या माझ्या खांबाला अंग घासायच्या, बाया मला कुंकू लावायच्या. फार एकटं वाटायचं.

मथुराबाई तेवढी मला वचकून होती. "लाल अक्षरं म्हंजी कायतरी भानगड हाय," म्हणायची आणि सून चांगुणाला घेऊन माळापल्याडच्या विहिरीवर जायची. तिचं बघून बाकीच्याही तिकडंच जायच्या.

चांगुणाला अक्षरांचं लई वेड. खडीच्या कामावर महानंदा नावाची एक शिकलेली बाई होती. ती भाकरीच्या सुट्टीत धुळीत अक्षरं काढून दाखवायची. एका सकाळी चांगुणा माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि बोट ठेवून वाचू लागली, "पा... णी... पि... ऊ... न... ये..."

मी हरखून गेले! कुणीतरी वाचतंय मला!

मग तिनं सगळं जोडलं आणि ओरडली, "आत्याबाई, भ्यायचं काय न्हाय! पाणी पिऊन ये, असं लिवलंय!"

"व्हय? ऐकलं का गं, माझी सून वाचती!" मथुराबाईनं साऱ्या वाडीला ऐकवलं. पहिली ओंजळ तीच प्याली. मी नुसती बघत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या पायातून नारू निघाला. पाय सुजला, चिघळला, आखडला तो कायमचाच. दवाखान्याच्या नर्सबाई आल्या, त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा चांगुणा पांढरीफटक पडली.

सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ आली. 'ऊ'वर बोट ठेवलं, मग 'न'वर. "इथं थांबायचं व्हतं व्हय?" तिनं मलाच विचारलं. त्यानंतर तिनं अक्षराकडं कधी बघितलं नाही.

मित्रांनो, तुम्हाला शाळा आहे, वाचता येतं. कुणी बोट ठेवून अडखळत वाचत असेल तर हसू नका, घाईनं पुढं जाऊ नका. त्याच्या शेजारी उभे राहा. त्या सकाळी चांगुणाच्या शेजारी माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.