बातम्या कळणारा मुलगा

कृष्णातरावांनी टीव्हीचा आवाज मोठा केला आणि समोर बसलेल्या दोघांना हातानेच विचारलं, आता ठीक? दोघांपैकी कुणालाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. एक त्यांची मुलगी सुनयना, दुसरा तिला बघायला आलेला विश्वजित. सुनयनाने ठीक म्हणून मान हलवली. न हलवून सांगते कुणाला?

भेट रविवारी ठरली ती मूकबधिरांच्या बातम्यांसाठीच. आठवड्यातून एकदा लागणाऱ्या त्या बातम्या मुलं शेजारी बसून बघतील आणि अवघडलेपण जाईल, ही कल्पना सुनयनाच्या आईची. तुर्भ्याच्या त्या दोन खोल्यांत मोठी माणसं टीव्हीकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघत होती.

सुनयनाच्या अंगाचा तिळपापड होत होता. शाळेत तिला ओठ वाचायला शिकवलं, तेही मराठी बोलणारे. हातवारे केले की बाई बोटांवर पट्टी मारायच्या. पडद्यावरच्या बाई दिल्लीच्या. त्यांचे ओठ हिंदीत हलायचे, आणि हात बोलायचे ती भाषा सुनयनाला कुणी शिकूच दिली नव्हती. मधून चित्र आलं तर काय ते कळे. पण घरादाराच्या लेखी या ‘तुझ्या बातम्या’. आबा, म्हणजे कृष्णातराव, तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, बघा, आमच्या पोरीला सगळं कळतं. सुरुवातीला तिने खरं सांगून बघितलं होतं. तेव्हा आईचा चेहरा असा उतरला की सुनयना मान हलवायला लागली, आणि ती मान अजून हलतेच आहे.

त्यात हा विश्वजित. आल्या आल्या त्याच्या आईने, विमलबाईंनी, सांगून टाकलं होतं की आमच्या विश्वाला बातम्यांतलं एकूणएक कळतं. सुनयनाच्या आईने ते वाक्य तिला सावकाश, ओठ ताणून पुन्हा सांगितलं. आणि खरंच, तो गुडघ्यांवर हात ठेवून जाणत्यासारखी मान डोलावत होता. सुनयनाने मनात नकार पक्का केला. घरात सगळे कळणारे. नवराही कळणाराच मिळाला, तर जन्मभर मान हलवून ती मोडायची तेवढी बाकी.

चहाच्या कपबशा फिरत होत्या. पडद्यावरच्या बाईंचे हात भराभर चालले होते. विश्वजितने दुःखाने मान हलवली, डोळे मिटून उघडले. कुठे मोठा अपघात झालेला दिसतो, असं सुनयनाला वाटलं. तेवढ्यात चित्र आलं. हार घातलेलं रेल्वे इंजिन, हिरवं निशाण, पेढे वाटणारी माणसं. विश्वजितची मान अर्ध्यात थांबली. त्याचे कान लाल झाले. मोठ्यांना दिसणार नाही असा तो वळला आणि त्याने नुसत्या ओठांनी, स्वच्छ मराठीत विचारलं,

“चुकलं का?”

“मला काय माहीत?” तिनेही आवाज न करता सांगितलं. “मलापण काही कळत नाही.”

हे तिने कित्येक वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. तो तिच्याकडे बघतच राहिला.

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

त्याचे खांदे सैल पडले. पहिल्यांदाच तो खुर्चीला टेकून बसला.

बातम्या संपल्या तसं कृष्णातरावांनी तिला खुणेने स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं आणि विचारलं, पसंत हाय का? सुनयनाला इतका आनंद झाला होता की मनात पहिलं आलं तेच ती बोलली,

“आबा, त्यालापण काही कळत नाही.”

ती हळूच बोलली होती, निदान तिला तसं वाटलं. आपला आवाज कुठवर जातो हे तिला कधीच उमगलं नव्हतं. विमलबाईंचा कप ओठांशी थांबला. कृष्णातरावांचा चेहरा पडला. ते पाहुण्यांकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. त्यांचे ओठ तिला बाजूने दिसले.

“माफ करा पाव्हणं. पोरीच्या मनात नाही.”

सुनयनाने त्यांची बाही धरून ओढली.

“आहे मनात! त्याला कळत नाही, म्हणून तर हो म्हणते.”

घरात सगळ्यांनी ऐकलं. फक्त विश्वजितला पत्ता नव्हता. तो पाठमोरा बसून साबणाची जाहिरात बघत होता. सुनयना जाऊन टीव्हीच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं.